दारवाल्यांचं मत

बाई : हसू नका मामा. आज पाचव्यांदा झालं. पंधरा-पंधरा.

मामा : पोरं आहेत हो बाई. शेजारच्याने हात वर केला की आपणही करतात.

बाई : तसं असतं तर तीसच्या तीस वर गेले असते. सोमवारी तो धडा काढला, लोकशाहीसाठी लढलेल्या नेत्याचा. चार ओळी वाचल्या नाहीत तोच जांभया सुरू. म्हटलं, नुसतं सांगण्यापेक्षा करून दाखवू. हात वर करून मतदान! आधी गाणं की गोष्ट? पंधरा-पंधरा. वर्गात बसायचं की मैदानात? पंधरा-पंधरा. काल दोघी तापाने घरी होत्या, तर चौदा-चौदा.

मामा : योगायोग असतो एखादा.

बाई : परवा एकच गैरहजर होता. एकोणतीस पोरं. मनात म्हटलं, आता कशी बरोबरी होते तेच बघते.

मामा : मग?

बाई : चौदा-चौदा. एक जण बाकावर डोकं टेकून झोपला होता. सकाळी अकरा वाजता!

मामा : चहा घ्या बाई. गार होतोय.

बाई : चहा मरू दे. मी तुमच्याबद्दलच बोलायला आलेय. बरोबरी झाली की सगळी पोरं एकदम मान वळवून दाराकडे बघतात. तुम्ही बाहेर स्टुलावर बसलेले असता, घंटेच्या वेळेची वाट बघत. आणि म्हणतात, दारवाल्यांचं मत राहिलं.

मामा : काय म्हणतात?

बाई : दारवाले. शिपाई नाही, मामा नाही, दारवाले. अहो, कप ठेवा खाली, सांडतोय.

मामा : हे नाव त्यांना कोणी सांगितलं?

बाई : मी वर्गातल्या चिंगीला तेच विचारलं. म्हणाली, मागच्या बाकावरचे आजोबा म्हणतात. मागचा बाक रिकामा असतो, मामा.

मामा : तेव्हा तिथे बाक नव्हते. सतरंज्या होत्या.

बाई : तेव्हा म्हणजे कधी?

मामा : पस्तीस वर्षं झाली. तुरुंग भरले, मग सरकारने शाळा ताब्यात घेतल्या. तुमच्या वर्गात एकतीस माणसं कोंडली होती. तुमच्या धड्यातले ते त्यांच्यातच. आबा म्हणायचे सगळे त्यांना.

बाई : आणि तुम्ही?

मामा : दारावर. बंदूक घेऊन. वीस वर्षांचा होतो, मिशीसुद्धा धड फुटली नव्हती.

बाई : तुम्ही? माझ्या पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधता तुम्ही!

मामा : आबांना मतदानाचं भारी वेड. बाहेर होऊ देत नाहीत ना, मग आत करू, म्हणायचे. खिडकी उघडी ठेवायची की लावायची, मतदान. वर्तमानपत्र आधी कोणी वाचायचं, मतदान. आणि दर वेळी माझ्याकडे वळून, "दारवाले, तुमचं मत काय?" वरचे साहेब सांगायचे, हा शत्रू आहे. आणि हा शत्रू मला अहो-जाहो करायचा. मी आपला भिंतीकडे बघत उभा.

बाई : धड्यात एवढंच आहे, त्यांना दुसरीकडे हलवलं आणि पुढे त्यांचं काय झालं ते कळलं नाही.

मामा : हलवणार ते मला आदल्या संध्याकाळी कळलं. मीच त्यांना सांगितलं. तेवढं केलं बघा. खोलीला मागचं दार होतं, त्याची किल्ली माझ्या खिशात. आबा पळाले असते तर बाकीच्यांची सालटी काढली असती. त्यांनी पळावं की राहावं? मतदान! आबांनी स्वतः मत दिलं नाही. म्हणाले, माझ्याबद्दलचंच आहे, मी कसं देऊ. राहिली तीस माणसं.

बाई : पंधरा-पंधरा.

मामा : मग माझ्याकडे वळले. हसून, नेहमीसारखे. "दारवाले, आता तुमच्यावर आहे." मी म्हणालो, मला मत नाही. मी ड्युटीवर आहे.

बाई : मामा...

मामा : "असतं," म्हणाले. "सवडीने द्या. मी थांबतो." सकाळी गाडी आली.

बाई : आता मी सांगते ते नीट ऐका. आज मतदान कशावर घ्यायचं ते मी पोरांवरच सोडलं. त्यांनी ठरवलं, मागचं दार उघडायचं का. मी म्हटलं, वेड्यांनो, आपल्या वर्गाला मागचं दारच नाही.

मामा : आहे. नकाशांच्या कपाटामागे.

चिंगी : बाई, येऊ आत? सगळ्यांचे हात दुखायला लागलेत.

बाई : हात? अगं, मधली सुट्टी झाली ना? डबे खा जा.

चिंगी : कोणीच नाही उघडला डबा. मोजणी कुठे झालीय अजून? मामांना घेऊन ये म्हणाले.

बाई : कोण म्हणाले?

मामा : तिला नका विचारू. चल गं, चिंगे.

बाई : अहो, कुठे निघालात? पस्तीस वर्षांचं कुलूप, त्याची किल्ली...

मामा : माझ्याकडे आहे. जमा करायची राहिली. नाही, खोटं कशाला बोलू, केलीच नाही. शिपायाची नोकरी दुसऱ्या शाळेतही मिळत होती मला, बाई.

(वर्गात. कपाट ओढल्याचा आवाज. मुलांचे हात अजून वरच.)

बाई : बघा, सगळं गंजलंय. नाही उघडायचं ते. मामा, किल्ली मोडेल हं.

मामा : पोरांनो, दारवाल्याचं मत... उघडायचं.

चिंगी : सोळा!

बाई : फिरली? इतकी अलगद कशी फिरली किल्ली?

मामा : घ्या रे हात खाली. झालं. झालं एकदाचं.

चिंगी : मामा, बाजूला व्हा ना. आधी त्यांना जाऊ द्या.