डबीवरचं नाव

थुंकी तपासणीच्या खिडकीपाशी रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको होते. नवरा आतल्या बाईंशी हुज्जत घालत होता.

"मॅडम, औषधांना दाद न देणारा टीबी मला कसा होईल?"

"थुंकीतल्या जंतूंचा डीएनए काढण्यापासून सगळं मशीन करतं. माणसाचा हातसुद्धा लागत नाही."

"मग मशीनच चुकलं असेल."

"डबीवर नाव तुमचंच आहे."

"नाव माझंच हो. पण त्या दिवशी कितीही खोकलो तरी बेडका पडेना. शेवटी हिनंच डबी भरून दिली."

"यांनी?"

"हिला काय, महिनाभर साधा खोकला आहे. खोकली की झालं."

"ताई, जरा पुढे या. वजन उतरलंय का?"

"अहो, तिचं राहू द्या. आधी माझं नाव खोडा."