बिनतिकिटाचं मैदान

सिंधुबाई : सोड म्हंते ना मी. तू धरली की गाडी लाजती.

तेजस्विनी : मी हँडलला हातही लावलेला नाही, आई. मागची कडी धरलीय फक्त. आणि पाय वर घ्या. पाय घासत स्कूटी चालवतात का कुणी?

सिंधुबाई : पाय भुईला लागले म्हंजे मला धीर राहतो.

तेजस्विनी : आता ब्रेक. डावा हात. हळू दाबा, हळू. हां. थांबली बघा.

सिंधुबाई : थांबली बाई. मला वाटलं, त्या फिराय आलेल्या पेन्शनरांमधी घुसते.

तेजस्विनी : ते केव्हाच भिंतीकडेला जाऊन उभे राहिलेत. तुम्ही मैदानात उतरलात की कुणी मधून चालतच नाही हल्ली.

सिंधुबाई : हस तू. साठी उलटल्यावर शिकू राह्यली मी. संत्याला बोलली नाय ना?

तेजस्विनी : तुमच्या मुलाला काही कळलेलं नाही. सासू-सुना रोज सकाळी फिरायला जातात, एवढंच त्याला माहितीये. खूश आहे तो.

सिंधुबाई : कळलं तं चावी लपवील. म्हणन, आई, कुठं जायचं ते सांग, मी सोडतो. आन् सोडायच्या दिवशी नेमकं याचं काम निघतं. सायखेड्याला माझी सख्खी बहीण हाय. दिवाळीपासून तिच्या दारात पाय नाय पडला माझा. फोनवर किती बोलायचं माणसानं?

तेजस्विनी : म्हणून तर शिकवतेय. चला, आता त्या चिंचेला वळसा घालून या. मी इथेच उभी राहते.

सिंधुबाई : घालते वळसा. आधी मला एक सांग. आज तुझी महापालिकेत सभा हाय ना?

तेजस्विनी : अकरा वाजता महासभा. का?

सिंधुबाई : या मैदानाचं काय सांगणार तू तिथं?

तेजस्विनी : काय सांगणार म्हणजे? तुम्हीच माझ्याबरोबर घरोघर फिरलात की प्रचाराला. प्रत्येक उंबऱ्यावर मी काय म्हणाले? मला निवडून द्या, या मैदानावर स्टेडियम आणते.

सिंधुबाई : ऐकलं ते मी. मला वाटलं, निवडणुकीतलं बोलणं हाय.

तेजस्विनी : आई!

सिंधुबाई : बरं, बरं. पण सगळं मैदान जाणार का त्यात?

तेजस्विनी : सगळं. बंदिस्त स्टेडियम होणार आहे. आत कबड्डीचं मॅट, वर दिवे, चारी बाजूंनी खुर्च्या, बाहेर पार्किंग. टीव्हीवर आपण लीगचे सामने बघतो ना, ते इथे होतील. देशभरातले खेळाडू नाशिकला येतील आणि आमच्या मुली त्यांना समोर बसून बघतील. शाळेत मी कबड्डी शिकवते ती बास्केटबॉलच्या फरशीवर. पकड करायला सांगताना माझाच जीव वर-खाली होतो.

सिंधुबाई : ते चांगलंच हाय. पण मंग दसऱ्याचा रावण कुठं जाळायचा? गरिबाच्या लग्नाचा मांडव? आन् मी गाडी कुठं शिकायची?

तेजस्विनी : स्कूटी शिकवायला शहराचं स्टेडियम अडवायचं का आपण?

सिंधुबाई : एकटी मीच हाय का? तुझा नवरा इथंच शिकला. तू इथंच शिकली. अर्धा वॉर्ड या मैदानात पडून-धडपडून शिकला असंल. रस्त्यावर कोण पडू देतं माणसाला? मागून हॉर्न मारत्यात.

तेजस्विनी : तुमचं चुकतंय असं मी म्हणत नाही. पण मला हे करायचंय. का करायचंय तेही तुम्हाला माहितीये.

सिंधुबाई : गुडघा.

तेजस्विनी : हो, गुडघा. याच मैदानात गेला ना. मुरुमात खडी होती आणि खडीवर पाय फिरला. राज्याच्या संघात निवड व्हायची होती पुढच्या महिन्यात. अजून जिना उतरताना मला आधी डावा पाय टाकावा लागतो. मॅट असतं तर मी खेळत राहिले असते, आई. माझ्या शाळेतल्या एकाही पोरीचं असं होऊ नये, म्हणून मी निवडणुकीला उभी राहिले. झेंडे मिरवायची हौस नव्हती मला.

सिंधुबाई : ठावं हाय.

तेजस्विनी : काय ठाऊक आहे? तो सामना मी तुम्हाला कधी सांगितलाच नाही. संतोषलाही नाही.

सिंधुबाई : सांगाय कशाला पाह्यजे? देवळाली कॅम्पच्या पोरी व्हत्या समोर. उंच, दांडग्या. तुझी लाल चड्डी आन् पिवळा बनियन.

तेजस्विनी : जर्सी म्हणतात त्याला. थांबा. तुम्हाला कसं माहीत?

सिंधुबाई : आता गाडी बंद कर. उगं पेट्रोल जाळू राह्यली.

(स्कूटी बंद होते. दोघी चिंचेखालच्या पारावर टेकतात.)

तेजस्विनी : बोला.

सिंधुबाई : विंचूरच्या मावशीनं तुझं स्थळ आणलं व्हतं. म्हणली, पोरगी गुणाची हाय, शिकलेली हाय, पण कबड्डी खेळती. ते ‘पण’ माझ्या डोक्यातून जाईना. म्हटलं, चोरी करती म्हणल्यासारखं कामून म्हणली ही? आपण जाऊन पाह्यलं पाह्यजे.

तेजस्विनी : पण तुम्ही सगळे घरी बघायला आलात ते नंतर. माझ्या गुडघ्याला पट्टा होता तेव्हा.

सिंधुबाई : ते रीतीनं आलो. मी त्याच्या आधी आले व्हते. एकटी. इथं.

तेजस्विनी : कधी?

सिंधुबाई : त्याच सामन्याला. मावशीकडून काढून घेतलं, पोरगी कुठं, कधी खेळती ते. तुझ्या सासऱ्यांना सांगितलं, माझी दाढ लय दुखू राह्यली, नाशिकला जाऊन काढून येते. ते म्हणले, मी येतो संगं. म्हटलं, नको, कांदा भरायचा हाय, तुम्ही थांबा. तवा आपलं घर सायखेड्यालाच व्हतं. तिथून एष्टीत बसले आन् इचारत इचारत आले.

तेजस्विनी : दाढ?

सिंधुबाई : मंग काय सांगू? पोराला बायको पाह्याला चालले, ती बी मैदानात उड्या मारताना? घरी गेल्यावर दोन दिवस गालात कापूस घालून बसले. पातळ खिचडी खाल्ली. ते मला रोज गुळण्यांना मीठ-पाणी करून द्यायचे. लय वाईट वाटायचं. शेवटपर्यंत त्यांना वाटत व्हतं, माझी ती दाढ काढलेली हाय.

तेजस्विनी : आई, तुमच्या सगळ्या दाढा शाबूत आहेत.

सिंधुबाई : हायेत ना. सुपारी फोडते मी अजून.

तेजस्विनी : मला हसूही येतंय आणि… पुढे सांगा. कुठे बसला होतात?

सिंधुबाई : इथंच. याच चिंचेखाली. शेंगदाणे घेतले, पदर डोक्यावर घेतला आन् बसले. कोण, कुठली, कुणी इचारलं नाय. तिकीट नाय, गेट नाय. शेजारी एक रिक्षावाला व्हता, तो मला खेळ समजावून सांगत व्हता. त्याला म्हटलं, ती पिवळी पोरगी कशी हाय? तो म्हणला, मावशी, ती एकटी गेली तरी घेऊन येती.

तेजस्विनी : काय घेऊन?

सिंधुबाई : गुण म्हणत असंल. मला कुठं कळत व्हतं? मंग तू पडली. तुझा पाय असा फिरला की मी अर्धी उठलेच. तीन पोरी तुझ्या अंगावर. आन् तू रांगू राह्यली. तोंड मातीनं भरलेलं, डोळ्यात पाणी, तरी हात त्या रेषेकडं. बोटं लागली रेषेला. सगळं मैदान ओरडलं. मी बी ओरडले. जिंकलात का हरलात, मला आजपर्यंत ठाव नाय.

तेजस्विनी : हरलो होतो.

सिंधुबाई : मंग लोकं ओरडत कामून व्हते?

तेजस्विनी : तेवढा गुण मिळाला म्हणून.

सिंधुबाई : बरं झालं ओरडले मी.

तेजस्विनी : तुमच्या आधीच्या दोन स्थळांनी गुडघा बघून नकार दिला होता. मुलगी लंगडते म्हणाले. तुम्ही आलात तेव्हा मला खाली बसता येत नव्हतं, मी खुर्चीवर बसलेले. आमची आई घामाघूम झाली होती. आता ही बाई काय विचारते म्हणून. आणि तुम्ही एक प्रश्न विचारला नाहीत. फक्त पोहे परत मागितलेत.

सिंधुबाई : इचारायचं काय राह्यलं व्हतं? पाह्यलं व्हतं सगळं. आन् पोहे खरंच चांगले व्हते.

तेजस्विनी : मला इतकी वर्षं वाटत होतं, तुम्ही मनाचा मोठेपणा दाखवलात. लंगड्या मुलीला पदरात घेतलंत. मी तुमच्यापुढे आवाज चढवत नाही ना, त्याचं अर्धं कारण तेच आहे.

सिंधुबाई : अगं बाई. मंग सांगाय पाह्यजे व्हतं मी. मोठेपणा कसला? जी घरी यायची तिच्यात तेवढा दम पाह्यजे व्हता मला. मी पसंत करून आणली तुला. चांगली निवडून.

(तेजस्विनी ओढणीने डोळे पुसते.)

सिंधुबाई : रडू नको. तुला सभेत बोलायचंय. आन् माझं ऐक. बांध तू ते स्टेडियम. तो गुडघा माझ्या डोळ्यासमोर गेला. मऊ जागा पाह्यजेच पोरींना. मी उगं आपलं माझ्या गाडीपुरतं बोलले. शिकन मी गल्लीत.

तेजस्विनी : आता तुम्ही बांध म्हणताय?

सिंधुबाई : म्हंते ना.

तेजस्विनी : आणि मला आता इथे नको वाटतंय. आई, इथे गेट असतं तर तुम्ही आत आला असतात?

सिंधुबाई : गेटवर माणूस असता तं नसते आले. त्यानं इचारलं असतं, पास कुठंय? कुणाकडून आल्या? मी काय सांगणार व्हते? लाजून मागं फिरले असते. दाढ काढून आले असते एखाद्या वेळेस.

तेजस्विनी : तेच म्हणतेय मी. आज कुणाची तरी सासू इथे बसायला येत असेल. कुणाची आई. कुणाला न सांगता.

सिंधुबाई : मंग पोरींचा गुडघा?

तेजस्विनी : प्रस्तावात दोन जागा आहेत. एक हे मैदान. दुसरी शहराच्या कडेला, महापालिकेचा रिकामा भूखंड. ती मीच खोडून काढली होती. म्हटलं, इतक्या लांब कोण जाणार? पण शहर काय, तिकडेच वाढतंय. स्टेडियम तिथे होऊ दे. इथे खडी वेचायची, चांगली माती टाकायची, पाणी मारायचं. तेवढं माझ्या प्रभागाच्या निधीत बसतं.

सिंधुबाई : आन् घरोघर शब्द दिला तो?

तेजस्विनी : परत घरोघर जाईन. सांगेन, चुकले, असं असं ठरवलंय. शिव्या खाईन.

सिंधुबाई : मी येईन संगं. अर्ध्या मी खाईन.

तेजस्विनी : थांबा, फोन करते. सभेत अचानक बोलले तर गटनेते खवळतील. हॅलो, शेखरभाऊ? तेजस्विनी बोलतेय. हो, येतेय सभेला. भाऊ, मी दुसऱ्या जागेच्या बाजूने बोलणार आहे… नाही, कुणी दबाव आणलेला नाही… सासूबाईंशी बोलले फक्त… हो, मला माहितीये मागणी माझीच होती. स्टेडियम हवंच आहे मला. इथे नको, तिथे हवंय… पुढच्या वेळचं तिकीट पुढच्या वेळी बघू, भाऊ… बरं. ठेवते.

सिंधुबाई : काय म्हणला?

तेजस्विनी : म्हणाले, प्रभागातली नगरसेविकाच नको म्हणाली तर मैदानाला बाकी कोण हात लावणार. आणि म्हणाले, पुढच्या निवडणुकीला घरी बसायची तयारी ठेवा.

सिंधुबाई : बसू की. माझी चारचाकी शिकायची राह्यलीच हाय.

तेजस्विनी : आधी दोन चाकं सांभाळा.

सिंधुबाई : आन् ते तिकडं लांब झालं की पहिल्या सामन्याला मी येणार. सायखेड्याच्या बहिणीला मागं बसवून. कुणी सोडाय नको, आणाय नको.

तेजस्विनी : तिथे तिकीट लागेल बरं का.

सिंधुबाई : काढीन की. आता मला कुणापासून लपायचंय? सांगीन गेटवर, कोचबाईची सासू हाय म्हणून. चल, ऊठ. उशीर होईल तुला. बस मागं.

तेजस्विनी : मागे? तुम्ही चालवणार? रस्त्यावर?

सिंधुबाई : माझं कच्चं लायसन हाय. पक्कं लायसनवाला मागं बसलेला पाह्यजे म्हणून तूच वाचून दाखवलं. बसली हाय का नाय तू मागं? मंग झालं. डिकीतून दुसरं हेल्मेट काढ.

तेजस्विनी : घरापर्यंतच हं. आणि गल्लीगल्लीने. पाय वर. हां, असे. मस्त. वळवा आता… अरे, थांबवा जरा, फोन आला. संतोषचा आहे.

सिंधुबाई : उचलू नको.

तेजस्विनी : उचलते. हॅलो? हो, अजून बाहेरच आहोत… अरे, आईंची दाढ दुखायला लागली फिरताना. आता दवाखान्यात घेऊन चाललेय… नाही, तू नको येऊस, तू तुझं काम कर. मी आहे ना त्यांच्याबरोबर. ठेवते.

सिंधुबाई : कोणती दाढ सांगितली?

तेजस्विनी : तीच. मागच्या वेळी काढायची राहिलेली.