कंसातली बटणं

...आणि वर मलाच विचारतात, "तुम्हाला कंस रंगवायला कुणी सांगितलं होतं?" आता तुम्हीच सांगा, कागदावर असेल ते रंगवायचं, की पेंटरनं आधी त्यावर परिसंवाद भरवायचा? छत्तीस वर्षं ब्रश धरलाय मी या हातात! दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या पाट्या, 'येथे गाडी लावू नये' तर इतक्या ठिकाणी लिहिलंय की आता गाडी लावायला शहरात जागाच उरलेली नाही! आणि एक नियम पाळलाय, मजकुराला हात लावायचा नाही. का? सांगतो. एकदा एका चष्मेवाल्याची पाटी आली, कागदावर 'चष्में' लिहिलेलं, वर टिंब. मला राहवेना, म्हटलं माणसाचं हसं कशाला होऊ द्या, गाळलं टिंब. तर तो दुकानातून ओरडतच बाहेर, "माझं टिंब कुठंय? अंकशास्त्रवाल्यानं काढून दिलेलं टिंब आहे ते! त्याच्यावर धंदा चाललाय माझा!" पुन्हा शिडी लावली, पुन्हा टिंब दिलं आणि कानाला खडा लावला. टिंब असो, कंस असो, कागदावर आहे ना? मग ते पाटीवर येणार. संपलं!

तर झालं असं. आमच्या हिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मेव्हणी, बटणांच्या कारखान्यात आहे. भोकं पाडते. हसू नका, बटणाला चार भोकं असतात, ती काय आपोआप पडतात? चकती खोबणीत बसवायची, पाय दाबायचा, खट्, चार भोकं. पुन्हा चकती, पुन्हा खट्. एकोणीस वर्षं हेच. अशा चाळीसजणी आहेत तिथं. आणि इथल्या त्या मोठ्या हॉटेलात पंधरा देशांचे साहेब जमले होते व्यापाराची बोलणी करायला, कुणी कुणाच्या कुठल्या मालावरचा आयात कर उठवायचा ते ठरवायला. त्या यादीत बटण आहे अशी कुणकुण होती. कर उठला की बाहेरची बटणं जहाजं भरभरून येणार, आणि कारखान्याच्या मालकानं तर सरळ सांगून ठेवलेलं, "ज्या दिवशी कर उठेल त्या दिवशी मशीनं भंगारात." साहेबांच्या लेखी ती जाडजूड गठ्ठ्यातली एक ओळ. मेव्हणीच्या लेखी? घर तिच्या एकटीच्या जिवावर चालतं हो, दुसरं काय सांगू?

मग साहेब आले तसे त्यांना विरोध करणारेही आले. आशियाभरातून! अकरा देशांची माणसं, मासेमारीवाले, बियाणंवाल्या बाया, शिलाईवाल्या, औषधं स्वस्त हवीत म्हणणारे... आणि सगळ्यांची मिळून एक आघाडी, तिची बैठक शाळेच्या हॉलमध्ये. मेव्हणी माझ्याकडं आली, "भाऊजी, मोर्चाच्या तोंडाशी धरायला साठ फुटी कापडी फलक हवाय. छापलेला नको, हातानं रंगवलेलाच हवा असं ठरलंय." छापील बॅनर आल्यापासून मला कोण विचारतं? मी एका पायावर तयार! म्हटलं, "मजकूर काय?" ती म्हणाली, "ठरतोय." तुम्हाला सांगतो, 'ठरतोय' हा शब्द ऐकला की तिथून पळ काढावा माणसानं. पण नात्यातलं काम, पळता कुठं?

व्हरांड्यात कापड अंथरलं, चारी बाजूंनी विटा ठेवल्या, रंग कालवला, ब्रश बुडवला आणि खिडकीतून डोकं आत घालून विचारलं, "पहिला शब्द काय?" मेव्हणी आतून म्हणाली, "'आमची' घ्या. 'आमची'पासूनच सुरू होईल." घेतला. चार फुटी अक्षर, काळ्या रंगात, खाली लाल सावली... काय उतरलंय म्हणता! मागं सरकलो, एक डोळा मिटून बघितलं, खूश झालो, पुन्हा खिडकीत, "पुढचा शब्द काय?"

तेवढ्यात आत एक जाड चष्म्यातला गृहस्थ उठला. तो सगळ्या सभांना जात असावा, त्याच्या पिशवीवर दुसऱ्याच सभेचं नाव होतं. "थांबा. 'आमची' का? 'आपली' का नाही?" झालं! तुम्हाला सांगतो, अर्धा दिवस गेला त्याच्यात. 'आपली' म्हटलं तर हॉटेलातले साहेबही त्यात आले, 'आमची' म्हटलं तर ते बाहेर राहिले. मग साहेबांना आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं? एक म्हणे जोडून घ्या, दुसरा म्हणे तोडून टाका. दुभाष्या बिचारा घामाघूम, कारण निम्म्या भाषांत 'आमची' आणि 'आपली'ला शब्द एकच! तो सांगत होता, "हे म्हणतायत आपली नको, आपली हवी," आणि तिकडचे लोक टाळ्या वाजवत होते, कशाला ते त्यांनाच ठाऊक. शेवटी मेव्हणी उठली, "आपली काय आपली? त्यातल्या एका तरी साहेबानं जन्मात स्वतः बटण शिवलंय का?" तरी मिटेना. मग अध्यक्षबाई, बेटांवरच्या कुठल्याशा देशातल्या, फार शांत बाई, त्या बाहेर आल्या, वाकल्या, अक्षराला बोट लावून बघितलं आणि आत जाऊन म्हणाल्या, "रंग वाळलाय." मंजूर! तीन दिवसांत तेवढी एकच गोष्ट एकमतानं ठरली, आणि ती माझ्या रंगानं ठरवली.

मी पुन्हा खिडकीत. "पुढचा शब्द काय?"

दुसरा दिवस. मासेमारीवाल्या काकांना 'मासळी' हवी. बियाणंवाल्यांना 'बियाणं'. औषधवाल्यांना 'औषधं'. मेव्हणीला 'बटणं'. अध्यक्षबाई म्हणाल्या, सगळ्यांना सामावून घेणारा शब्द काढा. जाड चष्मा म्हणाला, "उपजीविका." सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांना सामावून घेणाऱ्या शब्दाचं एक बरं असतं, त्यात कुणीच दिसत नाही! मेव्हणी मात्र हटून बसली. "मासळी सोडा, बियाणं सोडा, त्यांचा विषय या खेपेला नाही. या खेपेला यादीत बटण आहे. उपजीविका म्हणजे काय ते माझ्या शेजारच्या मशीनवालीला विचारलं तर म्हणेल कुणाची तरी मुलगी असेल." जाड चष्मा समजावतो, "ताई, बटण फार लहान आहे हो. साठ फुटी फलकावर बटण?" ती म्हणाली, "लहान आहे म्हणूनच मोठं लिहायचं." मला खिडकीतून ऐकताना भरून आलं, खोटं कशाला बोलू? पण हातातल्या ब्रशवर साय धरायला लागली होती. मी म्हटलं, "अहो, पुढचा शब्द काय?" तर सगळे माझ्याकडं असे वळले, जसा काही मीच आयात कर उठवलाय!

तिसरा दिवस, उद्या सकाळी मोर्चा. मी घायकुतीला आलेलो. दुपारी अध्यक्षबाई एक कागद घेऊन बाहेर आल्या, दुभाष्या सोबत. कागदावर काय, तर:

आमची [उपजीविका] [बटणं] वाचवा!

बाई काहीतरी बोलल्या, दुभाष्या म्हणाला, "सुरुवात करा. कंसातलं बघू." आणि गेले आत. आता बघा हं. मी काय ऐकलं? 'कंसातलं बघा.' म्हणजे कंसांकडं नीट लक्ष द्या! मला काय ठाऊक, की असल्या बैठकांत जो शब्द ठरलेला नसतो तो कंसात टाकतात आणि ठरला की कंस पुसतात? आमच्या धंद्यात कंस म्हणजे 'पूर्वीचे दुकान बाजूच्या गल्लीत', बस, एवढाच कंसाचा उपयोग! तर मी लक्ष दिलं. असं लक्ष दिलं की विचारू नका. चौकोनी कंस, दोरी धरून सरळ आखलेले, अक्षरांपेक्षा चार बोटं उंच, आतून पिवळी कड, बाहेरून लाल सावली. चारी कंस असे उभे ठाकले की वाटावं शब्द पळून जाऊ नयेत म्हणून पहारा बसवलाय. आणि त्यांच्या मधोमध 'बटणं', काय ठसठशीत! ट-ला तर मी असा गोलावा दिला की त्याचंच बटण व्हावं. 'वाचवा' लिहिलं, उद्गारचिन्ह दिलं, कोपऱ्यात बारीक सही केली, हात पुसले.

आत तेव्हा काय चाललं होतं? दोन कंसांच्या मध्ये 'आणि' घालायचं की 'किंवा'.

चहाच्या वेळेला सगळे बाहेर आले, आणि जागच्या जागी थिजले. मी वाट बघतोय, कुणीतरी म्हणेल वा पेंटर! जाड चष्मा किंचाळला, "कंस! यांनी कंस रंगवले!" मी म्हटलं, "सरळ आलेत की." "अहो, तुम्हाला कंस रंगवायला कुणी सांगितलं होतं?" मी कागद पुढं केला. ऑइल पेंट, पुसायची सोय नाही. दुसरं साठ फूट कापड मिळायची सोय नाही. वर, एकमत झाल्याशिवाय फलक फेकायचा नाही असाही त्यांचा नियम, आणि फेकायला सगळ्यांचं एकमत होईना! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेव्हणी जवळ आली, मला वाटलं आता ही रडणार, तिचा तर सगळा जीव त्या शब्दात. ती 'बटणं'कडं बराच वेळ बघत राहिली. "भाऊजी," म्हणाली, "निदान आलं तरी." एवढंच. मला रागावली असती तर बरं वाटलं असतं.

सकाळी निघाला मोर्चा. फलकाची टोकं गुंडाळली जायची, म्हणून एका टोकाला बांबू धरून मी, दुसऱ्याला मासेमारीवाले काका. मागं चाळीसजणी. हॉटेलसमोर थांबलो, घोषणा झाल्या. वर तिसऱ्या मजल्यावर एक पडदा हलला. मग दुसरा. मग चार-पाच साहेब काचेला नाकं लावून खाली बघतायत, एकजण बोट दाखवतोय, एकजण फोनवर. पाच मिनिटांत एक अधिकारी धापा टाकत खाली, टाय खांद्यावर गेलेला, थेट माझ्यापुढं, कारण बांबू माझ्या हातात! म्हणतो, "हे कंस कुणी दिले?"

मी म्हटलं, "मी."

"तुम्हाला कुठून मिळाले?"

"कागदावर होते."

तो पांढराफटक. "कागद? तुमच्याकडं कागद आहे? कुणी दिला?"

"बाईंनी."

"कुठल्या बाईंनी? आमच्यातल्या?"

मी म्हटलं, "साहेब, कंस वाकडे झालेत का? तसं सांगा, उगीच माझी उलटतपासणी कशाला?" तर तो आला तसा पळत आत!

नंतर दुभाष्यानं सांगितलं. पोटासाठी तो दिवसा आमच्याकडं आणि संध्याकाळी हॉटेलात काम करायचा, त्यामुळं सगळ्यात जास्त तंतरली होती त्याचीच. झालं होतं असं, की साहेबांच्या त्या गुप्त मसुद्यात बटणांची ओळ आदल्या संध्याकाळपासून अशीच चौकोनी कंसात होती! ठरलेलं नाही म्हणून कंस. त्या पानाची खबर मोजून नऊ माणसांना. त्या दिवशी सकाळी कंस पुसायचे, सह्या करायच्या, की बटणांचा कर उठला. आणि खिडकीतून बघतात तर रस्त्यावर साठ फूट कापडावर बटणं, कंसासकट! फुटलं कुणाकडून? हा देश त्याच्याकडं बघतोय, तो देश याच्याकडं. ती सकाळ गेली, दुपार गेली, सगळे फितूर शोधतायत. सह्या राहिल्या बाजूला, आणि सगळ्यांची विमानं सुटायची वेळ झाली. आता फितूर कोण? तर मी! आणि मला फितुरी केलीय हेच माहीत नाही!

आघाडीनं काय केलं असेल? विजयसभा घेतली. जाड चष्मा म्हणाला, कंस ही आमची पहिल्यापासूनची रणनीती होती. आणखी चार देश म्हणाले, आमचीही. मी शेवटच्या बाकावर. म्हटलं असू दे, रणनीती तुमची, सावली तरी माझी.

चार दिवसांनी मेव्हणी घरी आली. हिनं चहा टाकला. मी विचारलं, "काय गं, जिंकलो की हरलो?" ती म्हणाली, "बटणाची ओळ कंसातच राहिली. पुढची बोलणी चौदा महिन्यांनी, दुसऱ्या देशात. मालक म्हणाला, तोवर मशीनं चालू." "म्हणजे चौदा महिने नोकरी पक्की?" "पक्की कसली भाऊजी? कर उठला नाही, पण राहील असंही ठरलं नाही. आम्ही चाळीसजणी रोज खट् खट् करणार, आणि तारीख मोजणार." तिचा पाय बोलता बोलता टेबलाखाली तसाच दाबला जात होता, हिनं बघितलं, मीही बघितलं. मी उगाच विषय बदलायला म्हटलं, "बरं, मग पुढचा शब्द काय?" ती हसली. म्हणाली, "अजून ठरतोय. पण तुम्ही ब्रश धुऊन ठेवून देऊ नका, भिजत राहू द्या."

आता तो डबा घरात आहे, टर्पेंटाइनचा, ब्रश त्यात उभा, आणि ही रोज सकाळी नाकाला पदर लावून ओरडते, "काढा तो वास बाहेर!" मी म्हणतो, अगं, पंधरा देशांच्या साहेबांनी आपलं घोंगडं भिजत ठेवलंय, तिथं माझ्या एका ब्रशाचं काय घेऊन बसलीस!