तोच गेम, दुसरा बॉक्स

— परत डिस्क खराब? काका, आधी बसा बघू त्या स्टुलावर. जिना चढून आलात, धाप लागलीय तुम्हाला. आणि बॉक्स द्या इकडे. बिल आहे? असणारच. तुमच्याकडे बिल नसेल तो दिवस मी कॅलेंडरवर लाल करून ठेवीन — घडीसुद्धा तीच, चार पदरी, चष्म्याच्या घरातून निघालेली. हं, तर या खेपेला काय झालं म्हणता? 'चालतच नाही.' पहिल्या खेपेलाही चालत नव्हती, दुसऱ्या खेपेला मध्येच थांबत होती, आणि तिसऱ्या खेपेला तर तुम्ही म्हणालात, 'आतून खरखर येते.' खरखर! अकरा वर्षं झाली मला या परतीच्या काउंटरवर, लोकांनी काय काय सांगितलंय — कुत्र्याने चावली, नवऱ्याने वर गरम कप ठेवला, एकीला तर सासूबाईंना आवाज सोसत नाही म्हणून गेम परत करायचा होता — पण खरखर घेऊन कुणी आलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन मी आमच्या यांना सांगितलं, दोघं जेवता जेवता हसलो. रागावू नका, प्रेमाने हसलो.

ही माझ्या डोक्यावरची पाटी तर आता तुम्हाला पाठ असेल. सील फुटलेला गेम किंवा सॉफ्टवेअर परत घेतलं जाणार नाही, पैसे मिळणार नाहीत, डिस्क खराब निघाली तर तोच गेम, दुसरा बॉक्स. आता असा नियम का? तर लोक शनिवारी गेम नेतात, घरी उतरवून घेतात, आणि सोमवारी साळसूद चेहरा करून परत आणतात — आवडला नाही हो, मुलं घाबरतात हो. म्हणून मालकांनी दार लावून घेतलं. पण ती 'तोच गेम, दुसरा बॉक्स'ची खिडकी उघडी राहिली ना — आणि अकरा वर्षांत त्या खिडकीतून आत शिरलेला एकच माणूस मी पाहिला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, वर मला 'ताई, तब्येत बरी ना' असं विचारणारा. अहो, मान काय खाली घालता? मला दुसऱ्या खेपेलाच कळलं होतं.

कसं म्हणजे? झाकणाच्या आत तो सोळा आकड्यांचा नंबर छापलेला असतो ना, तो घातल्याशिवाय गेम उघडत नाही, आणि एक नंबर एकाच कॉम्प्युटरवर चालतो. परत आलेला बॉक्स मला मागच्या खोलीत नेऊन चालवून बघावा लागतो. मी डिस्क घातली — कशी चालली! लोण्यासारखी. नंबर टाकला, तर पडद्यावर पाटी, 'हा नंबर दुसरीकडे वापरात आहे.' म्हटलं, अस्सं! काका डिस्कची नक्कल काढतात, नंबर उतरवून घेतात, बॉक्स माझ्या गळ्यात मारतात आणि नवा नंबर घेऊन जातात. एका बिलात घरातल्या सगळ्यांची सोय. आणि तरी मी फॉर्मवर लिहिलं काय? 'डिस्क खराब.' का लिहिलं? आता काय सांगू. जाता जाता तुम्ही बोलून गेला होतात — जन्मभर रेल्वेच्या केबिनमध्ये सिग्नल पाडले, आता मुलं तीन गावांना तीन, रविवारी या गेममध्ये मिळून एक लाइन चालवतो, एकेकाला एकेक स्टेशन दिलंय, जंक्शन माझ्याकडे. मला वाटलं, चालवू देत बापड्यांना. जंक्शन तुमच्याकडे हे योग्यच आहे म्हणा, पण काका, एक सांगू? पॅसेंजर फार वेळ उभी करता हं तुम्ही. मालगाडी दिसली की तिचेच लाड. मागे एकदा ती बारा डब्यांची बिचारी किती वेळ ताटकळली, मी म्हटलं आता माणसं उतरून चालायला लागतील —

काय?

नाही, म्हणजे... तुम्हीच मागे कधीतरी म्हणाला असाल. नाही म्हणालात?

झालं. जिभेला हाड नाही माझ्या. आई नेहमी म्हणायची, या पोरीच्या पोटात पाणीसुद्धा राहायचं नाही. थांबा, हा 'काउंटर बंद'चा फलक पुढे सरकवते. पाच मिनिटं लोक थांबतील. तर ऐका, आणि मध्ये उठू नका.

तिसरा बॉक्स, तो खरखरवाला — तोही मी मागे नेला. नंबर टाकला. मला वाटलं, येणार पाटी, वापरात आहे म्हणून. आली नाही. गेम सरळ उघडला, आणि मी एका लहानशा स्टेशनात. दोन रूळ, एक फलाट, पाण्याची टाकी. वर नाव लिहिलेलं, 'धाकटी.' तुम्ही त्या नंबरला आधीच स्टेशन देऊन ठेवलं होतंत, आणि तुमच्या त्या धाकट्या लेकीने तुम्ही पाठवलेली डिस्क काही उघडली नव्हती. मी बंदच करणार होते हो, शप्पथ! माऊसवर हातही ठेवला होता. पण बाहेर एक मालगाडी येऊन उभी होती, शिट्टी वाजवत. सिग्नल लाल, स्टेशनात कुणी नाही. म्हटलं, एवढी एक सोडून देते आणि जाते. दांडा ओढला, हिरवा झाला, गाडी निघून गेली. काका, मी इथे दिवसभर लोकांना 'नाही' म्हणते. सील फुटलंय, नाही. बिल नाही, नाही. मुदत संपली, नाही. आणि तिथे एक दांडा ओढायचा, की एवढं मोठं धूड 'हो' म्हणून निघून जातं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी परत जाऊन बसले. तिसऱ्या दिवशीही. दुपारी एकला तुम्ही असायचातच जंक्शनवर, एकटेच.

मला काय माहीत, माझ्या स्टेशनात दिवा लागला की तुम्हाला तिकडे दिसतो! पहिल्याच दिवशी खाली तुमचा निरोप उमटला, 'आलीस?' मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी, 'मालगाडी छान सोडलीस.' मी पुढची गाडी सोडली. मग चौथ्या की पाचव्या दिवशी तुम्ही लिहिलंत, 'जेवलीस का?' — आणि मी लिहिलं, 'हो.' तेवढं एकच अक्षर. तसं खोटं नव्हतं, डबा समोर उघडाच होता, अर्धा संपलेलाही. पण ते तुम्ही मला नव्हतं ना विचारलं.

बघू नका असं. ओरडा हवं तर. वरच्या मजल्यावर मालक बसतात, त्यांच्याकडे जायचं तर डावीकडे जिना आहे, मी अडवणार नाही. फक्त मला पुरतं बोलू द्या, नाहीतर परत हिंमत व्हायची नाही.

तीन आठवडे असं चाललं. तुम्ही रोज काहीतरी लिहायचात. आईचे गुडघे दुखतात. थोरला सिग्नल द्यायला उशीर करतो, लहानपणापासूनच आळशी. तुझी आई तुझ्याशी फोनवर बोलते तेव्हा मी पेपर उघडून बसतो, एक ओळही वाचत नाही. मी 'हो'च्या पुढे गेले नाही, देवाशपथ. आणि मग मागच्या पंधरवड्यात एके दिवशी तुम्ही ते लिहिलंत. धाकटीच्या लग्नाचं — सहा वर्षांपूर्वीच्या, ज्यानंतर तुमचं दोघांचं बोलणंच तुटलं. त्या दिवशी ड्यूटी होती असं सगळ्यांना सांगितलं, पण ड्यूटी नव्हती. दुसऱ्याची पाळी मागून घेतली आणि केबिनमध्ये जाऊन बसलो. संध्याकाळी तुमची गाडी माझ्याच केबिनवरून जायची होती. तुझ्या गाडीला हिरवा दिवा मीच दिला. तू खिडकीत होतीस का, मला दिसलं नाही, डोळ्यांत काहीतरी —

पाणी घ्या. घ्या, बाटली कोरी आहे. सीलसुद्धा फुटलेलं नाही, बघा.

मी ते वाचलं, डब्याचं झाकण लावलं, आणि कॉम्प्युटर बंद केला. तेव्हापासून त्या खोलीत गेले नाही. दहा दिवस झाले. म्हणजे त्या स्टेशनात दहा दिवस दिवा नाही, आणि आज तुम्ही बॉक्स घेऊन आलात, 'चालतच नाही' म्हणत — तेव्हाच मी ओळखलं. तुम्हाला वाटलं, धाकटीची डिस्क बिघडली, म्हणून ती येईनाशी झाली. डिस्क चांगली आहे, काका. ती कधी आलीच नव्हती. ती मी होते. तुमचं ते सगळं — जे त्या मुलीने वाचायला हवं होतं — ते मी वाचलं, इथे, मागच्या खोलीत, पुठ्ठ्यांच्या खोक्यांमध्ये बसून.

काय म्हणालात?

फोन आला होता? कुणाचा — धाकटीचा? तुम्हाला? आईला नाही, तुम्हाला? कधी? परवा! अहो मग मला एवढं बोलू कशाला दिलंत! थांबा थांबा, नीट सांगा. तिने डिस्क घातली. शेवटी घातली. आणि पडद्यावर पाटी आली — 'हा नंबर दुसरीकडे वापरात आहे.' अगं बाई. माझ्यामुळे. आणि ती म्हणाली — काय? परत सांगा. 'बाबा, माझ्या नावावर कोण येऊन बसलंय?'

असंच? सहा वर्षांनी पहिलं वाक्य हे? नमस्कार नाही, 'कसे आहात' नाही, सरळ तक्रार! काका, ही पोर तुमचीच. माझ्या काउंटरवर आणून उभी करा, मी बिल न बघता ओळखीन. मग तुम्ही काय म्हणालात? 'डिस्क खराब असेल, बदलून आणतो.' बस? एवढंच? ते केबिनचं, हिरव्या दिव्याचं — काही नाही? जीभ उचलली नाही? मला तर तीन आठवडे धडाधड लिहीत होतात.

बरं बरं. नाही चिडवत. हसलात ना पण? दिसलं मला, लपवू नका.

म्हणजे ही तुमची पहिली खरी तक्रार. तीन खोट्या पचल्या आणि जी खरी आहे ती नेमकी माझ्या चुकीची. आणा तो फॉर्म. बिल नंबर... तारीख... परतीचं कारण. इथे मी 'डिस्क खराब' लिहिणार नाही आता, चौथ्यांदा मालकांच्या भुवया वर जातील. मी लिहिते, 'दुकानातील कर्मचाऱ्याने ग्राहकाचा नंबर वापरला.' खाली माझी सही. अहो, हात काय धरता? लिहू द्या. फार तर बोलणी खाईन, मालक ओरडतात पण लगेच विसरतात, आणि नाही विसरले तरी अकरा वर्षांत एक खरं कारण तरी या फायलीत जाईल. तुमच्या आधीच्या तिन्हींचं काय? त्या खराबच होत्या की. खरखर येत होती ना, मी कानांनी ऐकलीय.

हा घ्या नवा बॉक्स. तोच गेम. सील बघून घ्या. नंबर झाकणाच्या आत आहे, आणि ऐका — हा उतरवून, बॉक्स घेऊन माझ्याकडे परत यायचं नाही. नक्कलसुद्धा काढू नका, अख्खा बॉक्सच तिला पाठवा. पत्ता आहे ना? काकूंकडे असेल. विचारा, पेपर खाली ठेवून विचारा. काय? पाठवायला वेळ नाही? आज चारला ती फोन करणार, नंबर लगेच वाचून दाखवायचा? आता चारच वाजलेत की! आणि तुम्ही माझ्याशी गप्पा मारत बसलाय.

वाजला बघा. खिशात वाजतोय, शर्टाच्या नाही, पँटच्या. घाई नको, सील मी फोडून देते — हे घ्या, हा नंबर, आकडे मोठे आहेत, चष्म्याशिवायही दिसतील. उचला. नाही, इथे नाही! बाहेर जा, जिन्यात उभे राहा. तुमचं मी बरंच वाचलंय, आता ऐकायला नको. जा म्हणते ना. आणि आकडे सांगून झाल्यावर फोन ठेवू नका लगेच —

हं, बोला. पुढचे कोण? आणा तो बॉक्स. सील कुणी फोडलं?