एकशे एकोणसत्तरावा भाजक

—नाही, सही नंतर. शाळेत ताईच्या नावाची शिळा बसणार, तिच्या मजकुरातली ही ओळ या कागदावर कुणी खोडली, ते आधी सांगा. मुख्याध्यापिकांनी? वाटलंच. बसा, ती छिन्न्यांची पिशवी ठेवा खाली. ‘मूळ संख्या’ म्हणजे काय, ठाऊक आहे ना? कोरणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं. एकाहून मोठी अशी संख्या, जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कोणतीही संख्या निःशेष भागू शकत नाही. निःशेष — म्हणजे बाकी शून्य. लोक ‘पूर्ण भाग जातो’ म्हणतात, ढिलं बोलतात.

तर खोडलेली ओळ, ‘१०२२११७ ही मूळ संख्या आहे’ — दहा लाख बावीस हजार एकशे सतरा. माझी थोरली बहीण त्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवत होती, आणि दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर ही संख्या लिहून म्हणायची, ‘ही मूळ आहे. विश्वास नसेल तर बसा भागत!’ वर्ग बसायचा — तीननं नाही, सातनं नाही, अकरानं नाही — आणि थकायचा. तरुणपणी आम्ही दोघं भावंडं नव्हतो थकलो. हिचं वर्गमूळ एक हजार अकराच्या किंचित आत. तिथपर्यंतच्या साऱ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं — एकशे एकोणसत्तर भागाकार, सगळे हातानं, एका रविवारात. ती भाजक उच्चारायची, मी भागून बाकी सांगायचो, ती खूण करायची. घरचा नियमच होता — भागणाऱ्यानं खूण करायची नाही, खूण करणाऱ्यानं भागायचं नाही. मग पडताळा कोण घेणार? कुणीच नाही. पुन्हा भागून पाहणं म्हणजे भावंडावर अविश्वास, असं ताईचं मत.

आता मुख्याध्यापिकांनी मोबाइलवर पाहिलं — एक हजार नऊ गुणिले एक हजार तेरा. बरोबर आहे त्यांचं. एक हजार अकराच्या वर्गाला अवघे चार, म्हणजे दोनाचा वर्ग, कमी — डोळ्यांत भरावं इतकं उघड! म्हणून ओळ खोडली. बाईंची, म्हणजे ताईची, लाज राखली म्हणे.

काय म्हणालात? नेमका शेवटचाच भागाकार कसा चुकला? — चुकला नाही हो. चुकायला तो करावा लागतो. चार वाजत आले होते, बागेच्या फाटकापाशी कुणीतरी माझी वाट पाहत होतं — कोण ते सोडा, तिचं पुढे दुसरीकडे लग्न झालं — ताई म्हणाली, ‘एक हजार नऊ.’ मी म्हटलं, ‘बाकी चारशे बारा.’ तोंडाला आलं ते. तिनं खूण केली, मी चपला घातल्या.

दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, तिनं विचारलं, ‘ती शेवटची बाकी... नक्की ना रे?’ मी म्हटलं, ‘नक्की.’ कागद-पेन्सिल उशाशीच होती. तिनं भागलं नाही.

तेव्हा लिहून घ्या. ओळ खोडायची नाही, बदलायची. ‘१०२२११७ : एकशे अडुसष्ट भाजक तपासले. एकशे एकोणसत्तरावा धाकट्या भावानं तपासला नाही.’ मावेल ना? अक्षरं बारीक करा, पण शब्द गाळू नका. मुख्याध्यापिका काही म्हणाल्या तर माझ्याकडे पाठवा. शाळेत सांगतात ना, बाई शेवटच्या भागाकारात चुकल्या — ते साफ चूक आहे. बाईंनी तो भागाकार केलाच नव्हता. त्यांनी फक्त भावाचा शब्द उतरवून घेतला.

असे बघताय काय? द्या तो कागद, सही करतो. आणि निघा आता.