वाघदेवाची टेकडी

सिल्लोडच्या बसला उशीर होता. स्टँडवर माझ्या शेजारी एक बाई बसली होती आणि तिच्या पलीकडं एक म्हातारा.

“कचेरीत आला होता का, बाबा?” बाईनं त्याला विचारलं.

“व्हय माय. आमच्या वाघदेवाच्या टेकडीची सुनावणी होती. तिथं खडीची खदान होणार म्हणतेत. आमी भिल्ल. आमचे आजे-पणजे तिथंच पुजा करायचे.”

“मग साहेब काय म्हणले?”

“म्हणले, सांडूबाबा, देव सगळ्या वस्तीचा, अन् तुम्ही एकटेच कसे? पुढल्या तारखेला वस्तीला घेऊन या.”

“खरंच, वस्ती का नाय आली?”

“खदानवाला पोरांना काम देणार हाय. माझा पोरगा कृष्णा बी त्यांच्यातच. एका घरात ऱ्हातो, पर माझ्याशी बोलत नाय.”

“पुजेला तरी येतेत का?”

“आधी लई गर्दी व्हायची. यंदा कुणीच आलं नाय. नारळ मीच फोडला. परसाद वाटायचा कुणाला? तसाच उरला.”

“मग देवालाच सांगायचं ना, बघ तुझी लेकरं कशी वागतेत.”

“नाय माय. देव कोपला त्यांच्यावर तर?”

“मग काय सांगितलं?”

“सांगितलं, पोरं कामाला गेलीत, सांजच्याला येतील.”

“देवाला खोटं बोललात?”

“बोललो. अन् येतील म्हणून सांज होईस्तोवर तिथंच बसून ऱ्हायलो.”