हजेरीचे अर्धे, जिंकण्याचे अर्धे

ग्रँट : मग सही कर ना, डेल्फिना! चौदा हजार हजेरीचे, चौदा हजार जिंकण्याचे. मागच्या लढतीपेक्षा दोन-दोन हजार वाढवून आणलेत मी. भांडून!

डेल्फिना : आणि मी काय सांगितलं होतं? एकच आकडा आण. वीस हजार डॉलर. जिंकले तरी वीस, हरले तरी वीस.

ग्रँट : एलोय, तुमच्या लेकीला जरा बेरीज शिकवा. चौदा नि चौदा अठ्ठावीस होतात. उभ्या अल्बुकर्कीत मी एकटाच मॅनेजर असेन, ज्याला कमी पैसे मागायला पाठवतात.

एलोय : शाळेत बरी होती हो गणितात. पोरी, कर सही. सात महिने झाले घरी बसून.

डेल्फिना : बसून नव्हते, पापा. कोपरात दोन स्क्रू घालून घेत होते.

ग्रँट : हे बघ, एमएमएच्या लढतींची रीतच आहे ती. पिंजऱ्यात उतरलीस की अर्धे, जिंकलीस की उरलेले अर्धे. सगळे असेच घेतात.

डेल्फिना : सगळे? पापा, तुम्ही रीनो शहरात बॉक्सिंगची ती लढत हरलात, तेव्हा तुमचे किती कापले?

एलोय : कोण कापणार? तीस हजार ठरले होते, तीस मिळाले. पाचव्या फेरीत आडवा झालो. पंच आकडे मोजतोय, मी वर दिव्यांकडे बघतोय. म्हटलं, उठून काय जास्त मिळणार आहे? राहिलो पडून. घराचं छप्पर त्याच पैशांत झालं.

डेल्फिना : ऐकलंस? तेव्हा पापा पडून राहिले, डोक्यावर आणखी ठोसे खाल्ले नाहीत, म्हणून आज त्यांना माझं नाव आठवतं.

ग्रँट : बॉक्सिंगचं कौतुक मला नको सांगूस. वरचे चार-पाच जण पंचपक्वान्नं जेवतात, खालचे ताटं चाटतात. एलोय, पहिल्या लढतीला काय मिळालं होतं तुम्हाला?

एलोय : चारशे. त्यातले शंभर ट्रेनरचे. नाकाची मलमपट्टी पदरची.

ग्रँट : बघ!

डेल्फिना : बघितलं. पण पापा हरले असते तरी चारशेच मिळाले असते ना? शिवाय बॉक्सिंगला कायदा आहे. आयोजकाला लढतीतून किती मिळणार, ते त्याने लढणाऱ्याला सांगावं लागतं. आम्ही विचारलं तर म्हणतात, तू फक्त लढ. बॉक्सिंगच्या मोठ्या लढतीत शंभरातले साठ-सत्तर लढणाऱ्यांच्या घरी जातात म्हणे. आमच्या घरी वीससुद्धा नाही येत.

ग्रँट : भाषण नंतर ऐकतो. बारा वाजेपर्यंत सही हवीय आयोजकांना. अठ्ठावीस सोडून वीस कशाला, एवढंच सांग.

डेल्फिना : हात आपटता यावा म्हणून.

ग्रँट : म्हणजे?

डेल्फिना : हार मानता यावी म्हणून. मागच्या लढतीत समोरचीने माझं कोपर उलटं वाकवलं ना, तेव्हा दोनदा तळहात आपटला असता तर तिथेच सुटले असते. नाही आपटला. डोक्यात एकच, आपटला की बारा हजार गेले. मग कट् असा आवाज आला. बारा हजार तर गेलेच, कोपरही गेलं.

ग्रँट : तू शूर आहेस म्हणून सहन केलंस.

डेल्फिना : शूर कसली? भ्यायले होते रे. हातापेक्षा पैशांसाठी जास्त भ्यायले होते.

एलोय : ती एकटी नव्हती.

डेल्फिना : पापा, जाऊ द्या ना.

एलोय : नाही जाऊ देत. टॉवेल माझ्या हातात होता, ग्रँट. वीस वर्षं लढणाऱ्यांच्या कोपऱ्यात उभा राहतोय मी. तिचं कोपर जाणार, हे तिच्याआधी मला कळलं होतं. टॉवेल टाकला असता तर लढत थांबली असती. पण मीही मनात तेच म्हटलं. बारा हजार. लेकीचा हात मोडत होता, आणि बाप हिशेब करत होता. लाज वाटते मला.

(मागे जिममध्ये कुणीतरी पिशवीवर ठोसे मारतंय.)

डेल्फिना : म्हणून एकच आकडा. मला हात आपटता यावा, तुम्हाला टॉवेल टाकता यावा. आठ हजारांत स्वस्तच पडतंय, पापा.

ग्रँट : मला वाईट वाटलं. खरंच. पण ते नाही देणार. त्यांचे आठ हजार वाचले तरी नाही देणार. तुला दिलं की उद्या सगळे मागतील.

डेल्फिना : म्हणूनच मागतेय.

ग्रँट : अगं, ते दुसरीला घेतील! शाइलाला घेतील, ती एका पायावर तयार असेल.

डेल्फिना : विचार की. ती काय, त्या फळ्यापाशी उभी आहे.

ग्रँट : फळ्यावर काय लिहिलंय हे? तिथे रोजची वजनं असतात ना?

डेल्फिना : वजनं डावीकडे. उजवीकडे बिदाग्या. सकाळी माझी मी लिहिली, बारा-बारा. शाइलाने तिची लिहिली. मग एकेक जण येत गेला.

ग्रँट : वेड लागलंय का तुम्हाला? आकडा कुणाला सांगायचा नाही, असं करारात आहे!

डेल्फिना : सांगितला कुठे? लिहिला.

ग्रँट : शाइला दहा-दहा... ट्रेंट आठ-आठ? अरे, गेल्या महिन्यात मुख्य लढत त्याची होती!

डेल्फिना : आपण सगळ्यांत स्वस्त आहोत, हे त्यालाही आजच कळलं. तेव्हापासून ती पिशवी बडवतोय.

ग्रँट : आणि खाली हे 'एकच आकडा'? त्याखाली नऊ सह्या?

डेल्फिना : पहिली माझी.

एलोय : पोरी, तो पेन दे इकडे.

ग्रँट : एलोय, तुम्हीसुद्धा? आत्ता तर म्हणत होतात, कर सही!

एलोय : आत्ता म्हणत होतो, खरंय. माणसाने कधीतरी शहाणं व्हावं की नाही? कोपऱ्यातल्या माणसालाही जिंकल्यावरच जास्त मिळतात. मीपण लिहितो माझे.

ग्रँट : बारा वाजता फोन येईल. काय सांगू त्यांना?

डेल्फिना : खरं ते सांग. म्हणावं, पोरगी हरायचेही पैसे मागतेय.

ग्रँट : आणि नाही म्हणाले तर?

डेल्फिना : तर नाही. दोन्ही हात चालतायत माझे. काम कुठेही मिळेल.